पोराच्या गल्ल्यातले साठ रुपये

माझा भाऊ नाशिकच्या सिडकोत राहतो, त्याच्या पोराचा मातीचा गल्ला टीव्हीशेजारी असतो. दर रविवारी पोराला पन्नास रुपये मिळायचे, त्यातलं दहाचं नाणं तो स्वतःहून गल्ल्यात टाकायचा. एकदा सकाळी दूधवाल्याला द्यायला सुट्टे नव्हते म्हणून वहिनीने गल्ला उलटा केला, फटीत सुरी घातली आणि सुरीवरून घसरत एकेक करून सहा नाणी काढली. "देते रे संध्याकाळी." ती संध्याकाळ काही उजाडली नाही (म्हणजे मावळली नाही म्हणा). पुढच्या आठवड्यापासून पोराचे पन्नास मंगळवारपर्यंत पाणीपुरीत आणि चिप्सात साफ, आणि घरात एकच रेकॉर्ड, याला पैशाची किंमतच नाही.

मला तर तो हिशोबी वाटतो.

मार्शमॅलो टेस्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लहान मुलांवर केलेले प्रयोग, एक खाऊ आत्ता घे, नाहीतर थांब आणि दोन घे. जी पोरं थांबली ती पुढे जास्त यशस्वी झाली असं नंतर सांगितलं गेलं आणि सगळ्या आईबापांनी संयम संयम लावून धरलं. पण 2018 मध्ये बऱ्याच जास्त मुलांचा डेटा तपासला तेव्हा घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर तो संबंध खूपच फिका पडला.

त्याआधीच, 2012 मध्ये, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी एक भारी गोष्ट केलेली. 28 मुलं, तीन ते पाच वर्षांची. खाऊ द्यायच्या आधी त्यांना चित्र काढायला बसवलं आणि थांबलास तर यापेक्षा भारी रंग आणून देते असं सांगितलं. अर्ध्या मुलांना ते खरंच आणून दिले, उरलेल्यांना सॉरी, संपले. स्टिकरचंही तसंच. मग खाऊ समोर ठेवला. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती सरासरी 12 मिनिटं थांबली, आणि ज्यांना टोपी घातली गेली ती जेमतेम 3 मिनिटं. म्हणजे नंतर मिळणारच नसेल तर आत्ताच खाऊन टाकणं हा काही हावरटपणा नाही, सरळ व्यवहार आहे.

गल्ला मुळात चालतो कसा तेही बघा, आत टाकायला एक सेकंद आणि काढायचं तर फोडायला लागतो, मधल्या त्या त्रासात पाणीपुरीची हुक्की निघून जाते. शिवाय गल्ल्यातले पैसे डोक्यात 'सायकलचे' म्हणून वेगळे पडतात. याला मेंटल अकाउंटिंग म्हणतात, हे मांडणाऱ्या रिचर्ड थेलर यांना 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात पैसे ठेवायच्या ते हेच. पण मोठ्यांची सुरी एकदा आत गेली की फोडायचा त्रासही गेला आणि सायकलचे पैसे दुधाचे झाले.

मी हे सगळं वहिनीला ऐकवलं, ती आधी चिडली, "आईने घेतले तर काय चोरी झाली का", आणि मग रविवारी पन्नासची आणि दहाची नोट घडी करून पोराच्या हातात ठेवली. त्याने उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "काका, नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात ना, मग आईने माझ्याकडून कशाला घेतलेले?"

दहाची आत गेली. पन्नासची अजून खिशात आहे, बघू.