मोड आलेली कडधान्ये (अल्परक्तदाबातील सेवन)

मूग, मटकी, चवळी, हरभरा, मसूर, वाल, कुळीथ इ. कडधान्ये भिजवून व उबेत बांधून ठेवून त्यांना मोड आणतात आणि ती कच्ची, वाफवून किंवा उसळ करून खातात. अल्परक्तदाब (लो बीपी) असलेल्यांनी ती खावीत की नाही याविषयी दोन टोकांची मते प्रचलित आहेत. मोडांमुळे रक्तदाब आणखी उतरतो, म्हणून ते वर्ज्य करावेत, असे एक मत. अशक्तपणा जाण्यासाठी ते रोज कच्चेच खावेत, असे दुसरे. दोन्हींना पुरेसा आधार नाही. या व्यक्तींना खरा धोका संभवतो तो कच्च्या मोडांतून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा आणि त्यामागून येणाऱ्या जुलाब-उलट्यांचा.

प्राचीनत्व : मोड खाण्याची चाल कोठे सुरू झाली याबद्दल एकमत नाही. मुगाचा रानटी पूर्वज (व्हिग्ना रेडिएटा सब्लोबाटा) भारतात आढळतो. दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन स्थळांवर, साधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील, जळके मूग मिळाले आहेत. महाराष्ट्रात इनामगाव व दायमाबाद या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींतूनही कडधान्यांचे दाणे हाती आले आहेत. परंतु जळका दाणा लागवडीचा पुरावा देतो; तो मोड आणून शिजवला की तसाच, हे त्यावरून ठरवणे बहुधा शक्य नसते. त्यामुळे ‘भारतात पाच हजार वर्षांपासून’ या धर्तीची विधाने उत्खननाच्या आधारे करता येत नाहीत.

चीनमध्ये मोड खाण्याचा आरंभ म्हणून इ. स. पू. २९३९ हे वर्ष अनेक लोकप्रिय पुस्तकांत छापलेले असते. ते दंतकथेतील सम्राटांच्या कालगणनेवरून आलेले दिसते व ते स्वीकारण्याचे कारण नाही. शन्नोंग या पौराणिक सम्राटाच्या नावावर असलेल्या औषधिग्रंथात मोड आणून वाळवलेल्या सोयाबीनचा उल्लेख येतो. हा ग्रंथ सामान्यतः हान राजवटीच्या काळाच्या (सुमारे इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) आसपासचा मानतात आणि त्याचे आजचे रूप उत्तरकालीन संकलनांतून सिद्ध केलेले आहे. तेथेही मोड औषध म्हणून येतात, रोजची भाजी म्हणून नव्हे.

भारतीय वैद्यकग्रंथांत मोड आलेल्या धान्याला विरूढ म्हटले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २६) ग्राम्य (पाळीव), आनूप (पाणथळ प्रदेशातील) व जलचर प्राण्यांच्या मांसाबरोबर ज्या वस्तू खाऊ नयेत त्यांत विरूढधान्य आहे. सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय ४६) ते जड, विदाही (जळजळ करणारे) व विष्टंभी (मलावरोध करणारे) ठरवले आहे. संहितांचे थर निरनिराळ्या काळांतले असल्याने या उल्लेखांना नेमके शतक देणे धाडसाचे होईल. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत चाल परिचित होती, एवढे म्हणता येते. मोड म्हणजे सर्वांना पचणारा हलका आहार, ही आजची समजूत मात्र या ग्रंथांतली नव्हे.

आधुनिक पोषणशास्त्रात मोडांना स्थान मिळाले ते स्कर्व्ही या क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगामुळे. व्हॅलेंटिन फ्युर्स्ट यांनी १९१२ मध्ये व हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी १९१९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेला स्कर्व्हीरोधक गुण अंकुरणानंतर उत्पन्न होतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजचा इराक) भारतीय सैनिकांत स्कर्व्ही पसरल्याने या प्रश्नाला निकड आली होती.

अंकुरणातील बदल : दाणा पाणी शोषतो, विकरे (एन्झाइम) क्रियाशील होतात. फायटेज विकरामुळे लोहाला बांधून ठेवणारे फायटिक अम्ल घटते व लोह शरीराला अधिक मिळू शकते. पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा कमी होतात. क जीवनसत्त्व तयार होते. ब१२ तयार होत नाही. अल्परक्तदाबामागे ब१२ च्या अभावाचा पांडुरोग असेल, तर मोडांनी तो भरून निघत नाही.

रक्तदाबाशी संबंध : ९०/६० मिमी. पाऱ्याखालील दाबास सामान्यतः अल्परक्तदाब म्हणतात. चक्कर, अंधारी वा थकवा नसल्यास अनेकांत त्याला उपचार लागत नाही. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत आकुंचनी (वरचा) दाब २० किंवा प्रसरणी (खालचा) दाब १० मिमी. ने उतरला, तर तो स्थितिजन्य प्रकार. जेवणानंतर दोन तासांच्या आत आकुंचनी दाब २० मिमी. ने उतरणे हा भोजनोत्तर प्रकार; तो वृद्धांत व मधुमेह, कंपवात यांनी स्वायत्त तंत्रिका (आपोआप चालणाऱ्या शरीरक्रियांच्या नसा) बिघडलेल्यांत अधिक दिसतो.

मोडांनी दाब उतरतो हे मत मुख्यतः दोन गोष्टींवरून निघाले : अंकुरणात वाढणारे, दाब उतरवणारे मानले जाणारे गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल, आणि उच्चरक्तदाबी उंदरांना दिलेले अंकुरांचे संहत (दाट केलेले) अर्क. वाटीभर उसळीला हे निष्कर्ष लागू करता येत नाहीत. दाब उतरवण्यास मदत करणाऱ्या पोटॅशियमचे कारणही पुढे केले जाते. १०० ग्रॅ. कच्च्या मूगमोडांत सुमारे १५० मिग्रॅ. पोटॅशियम व ६ मिग्रॅ. सोडियम असते, असे अमेरिकी तक्ते सांगतात. पण हे आकडे चिनी पद्धतीच्या लांब, पांढऱ्या, ९० टक्के पाण्याच्या अंकुरांचे आहेत. आपल्याकडचा आखूड मोड कोरड्या दाण्याला जवळचा असतो, आणि कोरड्या मुगात दर १०० ग्रॅ. मागे सुमारे १,२५० मिग्रॅ. पोटॅशियम असते. मराठी आहारपत्रके हा भेद न करता तेच आकडे उतरवून घेतात. तरीही मूत्रपिंडे ठीक असणाऱ्यास एवढ्याने दाब घसरण्याची भीती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर प्रौढांसाठी दिवसाला किमान ३,५१० मिग्रॅ. पोटॅशियम सुचवले आहे.

भोजनोत्तर प्रकारात एकदम पोटभर, भात-साखरेचे जेवण अधिक त्रासदायक ठरते. तंतुमय पदार्थांनी जठर सावकाश रिकामे होते; वृद्धांना ग्लुकोजबरोबर गवारीचा डिंक दिला असता दाबाची घसरण कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. त्या दृष्टीने थोडी उसळ, थोड्या अंतराने खाणे श्रेयस्कर मानावे.

जंतुसंसर्ग : मोड येण्यास लागणारी ऊब आणि ओल साल्मोनेला व ई. कोलाय या पोट बिघडवणाऱ्या जंतूंनाही मानवते. जंतू बहुधा बियांबरोबरच येतात व टरफलाच्या भेगांत दडतात, म्हणून नुसते धुऊन ते जात नाहीत. घरी, स्वच्छ हातांनी आणलेले मोडही त्यामुळे निर्धोक ठरत नाहीत. जपानमधील साकाई शहरात १९९६ मध्ये हजारो शाळकरी मुलांना ई. कोलाय ओ१५७ ची बाधा झाली. मुळ्याच्या अंकुरांवर संशय आला, पण उत्पादकाच्या शेतात जंतू सापडले नाहीत. लोकांचा विश्वास परतावा म्हणून तत्कालीन आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी ते अंकुर जाहीरपणे खाऊन दाखवले. जर्मनीत २०११ मध्ये ई. कोलायच्या ओ१०४:एच४ या वाणाने सुमारे ३,८०० लोक आजारी पडले व ५० हून अधिक दगावले. प्रथम स्पॅनिश काकड्यांना दोष दिला गेला. मागोवा अखेर लोअर सॅक्सनीतील एका अंकुर-उत्पादकाकडे व इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांकडे गेला.

निरोगी तरुणाला जे दोन दिवसांचे पोट बिघडणे, ते आधीच दाब कमी असलेल्याला भोवळ आणून पाडू शकते. पाणी व क्षार गेल्याने रक्ताचे आकारमान घटते. अशा वेळी जलसंजीवनी (ओआरएस) लगेच सुरू करावी. लघवी कमी होणे, उभे राहताच शुद्ध हरपणे किंवा शौचात रक्त दिसणे या लक्षणांत रुग्णालय गाठावे. दाब उतरवणारी वा लघवी वाढवणारी औषधे चालू असल्यास ती त्या काळात घ्यावीत की थांबवावीत, हे डॉक्टरांना विचारावे. वृद्ध, गर्भवती, लहान मुले व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी कच्चे मोड खाऊ नयेत, असा अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे.

सेवन : मोड आतपर्यंत वाफाळेस्तोवर शिजवावेत. कोशिंबीर किंवा भेळेत घालायचे असले तरी आधी उकळत्या पाण्यात शिजवून घ्यावेत. क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, तो वरून लिंबू पिळून भरून काढता येतो. आंबूस वास आलेले किंवा बुळबुळीत झालेले मोड टाकून द्यावेत. बॅसिलस सीरियस या अन्नविषबाधा करणाऱ्या जंतूचे बीजाणू शिजवूनही उरतात, म्हणून उसळ दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावी. राजम्याचे मोड कच्चे वा अर्धवट शिजलेले कधीच खाऊ नयेत. त्यातील लेक्टिन या विषारी प्रथिनाने तीव्र उलट्या होतात. वालाच्या काही वाणांत सायनाइड देणारी द्रव्ये असल्याने बिरडे नीट शिजवण्याची रीत योग्यच आहे. काही अल्परक्तदाबी रुग्णांना मीठ वाढवण्यास सांगतात. तसा सल्ला नसताना उसळीबरोबर पापड-लोणचे वाढवण्याचे प्रयोजन नाही. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी लांब मोडांचे प्रमाण अचानक बदलू नये, कारण त्यात त्या औषधाचा परिणाम कमी करणारे के जीवनसत्त्व असते. मूत्रपिंडविकारात पोटॅशियमची मर्यादा डॉक्टर ठरवतात. अल्फाल्फाच्या (लसूणघास) अंकुरांत कॅनाव्हॅनीन हे ॲमिनो अम्ल असल्याने ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा विकार) झालेल्यांनी ते वर्ज्य करावेत.