तोआ (बायोनिकल)

डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो कंपनीने बायोनिकल या मालिकेत विकलेली, सुटे भाग जोडून उभी करायची यंत्रमानवी खेळणी. पहिल्या संचात सहा तोआ होते : ताहू (अग्नी), गाली (जल), कोपाका (हिम), लेवा (वायू), ओनुआ (माती) आणि पोहातू (दगड). युरोपात ते बहुधा २००० च्या अखेरीस किंवा २००१ च्या आरंभी दुकानांत आले. उत्तर अमेरिकेत २००१ च्या मध्यास. प्रत्येक तोआ दंडगोल डब्यात सुटा विकला जाई.

उगमाविषयी दोन मते आढळतात. कोपनहेगनच्या ॲडव्हान्स या जाहिरात संस्थेतील कलादिग्दर्शक क्रिस्तियान फाबर यांना मेंदूत गाठ झाली होती. औषध शरीरात शिरून रोगाशी झुंजते, त्याप्रमाणे डब्यांतून आलेले वीर एका निद्रिस्त महाकायाला बरे करतात, ही कल्पना त्या आजारपणातून सुचल्याचे फाबर यांनी पुढे सांगितले आहे. मालिकेच्या कथेत हा धागा खरोखरच सापडतो : तोआ जिथे उतरतात ते मातानुई हे बेट एका प्रचंड यंत्रमानवाच्या चेहऱ्यावर वसलेले असल्याचे २००८ मध्ये उघड करण्यात आले. दुसरे मत खेळण्याच्या घडणीकडे बोट दाखवते. लेगोच्याच १९९९ च्या स्लायझर (उत्तर अमेरिकेत थ्रोबॉट्स) मालिकेतील यंत्रमानव हाताने चकती फेकत, त्यांच्या चकत्या मुले जमवत आणि त्यांचे हातपाय उखळीच्या सांध्यांवर फिरत. २००० मध्ये रोबोरायडर्स ही मालिका आली. सांधे, टेक्निक या लेगोच्या यांत्रिक संचमालिकेच्या खुंट्या व दांडे आणि एकेक पात्र स्वतंत्र विकण्याची पद्धत हे सारे तोआंच्या आधीचे आहे. त्यामुळे शरीर स्लायझरचे आणि कथेचा गाभा फाबर यांचा, असे मानणे पुराव्याशी अधिक जुळते. कथेच्या जडणघडणीत बॉब थॉम्पसन, मार्टिन रीबर आणि ॲलिस्टर स्विनर्टन यांचाही वाटा होता. केवळ फाबर यांचे नाव घेणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

२००१ च्या तोआंची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. पाठीमागील दंतचक्र बोटाने फिरवले की हात झपकन वर-खाली होतो आणि प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा उडवता येतो. पोहातूचे धड मात्र उलटे बसवलेले असल्याने त्याचा पाय लाथ मारतो. डोक्याच्या आत रंगीत पारदर्शक तुकडा असतो. माथ्यावर पडलेला उजेड त्यातून उतरून डोळ्यांत चमकतो. यंत्राला जिवंत नजर देणारी इतकी साधी युक्ती या वर्गातील खेळण्यांत क्वचितच दिसते. ताहू, ओनुआ व पोहातू यांचे भाग एकत्र करून ‘अकामाई’ आणि उरलेल्या तिघांचे ‘वाइरुहा’ हे मोठे रूप बांधता येई.

संग्राहकांचे खरे लक्ष तोआंच्या चेहऱ्यावर बसणाऱ्या, कानोही नावाच्या मुखवट्यांवर असे. आरंभी त्यांचे बारा आकार होते : सहा ‘महान’, सहा ‘उदात्त’. ते निरनिराळ्या रंगांत, बंद पाकिटांतूनही मिळत. आत कोणता आहे हे बाहेरून कळत नसे.

‘तोआ’ (माओरीत योद्धा) यासह अनेक शब्द पॉलिनेशियन भाषांतून घेतले होते. २००१ मध्ये न्यूझीलंडमधील माओरी गटांनी त्यास हरकत घेतली. तज्ज्ञ व पुरोहितांसाठी असलेला ‘तोहुंगा’ हा आदराचा शब्द खेळण्यातील गावकऱ्यांना दिला गेला होता; ही हरकत रास्तच होती. पुढे गावकऱ्यांना ‘मातोरान’ म्हटले गेले आणि काही व्यक्तिनामांची वर्णरचनाही बदलली, ‘तोआ’ मात्र कायम राहिला.

२००३-०४ च्या तोट्याच्या काळात या मालिकेने कंपनीला तारले, असे अनेकदा लिहिले जाते. स्टार वॉर्स संचांची विक्री आणि २००४ नंतरची काटकसर लक्षात घेता ते एकट्या बायोनिकलचे श्रेय नसावे. आधार मात्र मोठा होता.

उत्तरकालीन तोआंत २००८ च्या सुमारास पोपटी रंगाच्या सांध्यांना चिरा पडण्याचा दोष संग्राहकांत सर्वश्रुत आहे. मालिका २०१० मध्ये थांबली व तिची जागा लेगोच्या हीरो फॅक्टरी या मालिकेने घेतली. २०१५ मध्ये सहाही तोआ नव्या सांगाड्यावर परतले. २०१६ मध्ये उत्पादन पुन्हा बंद झाले.