पाठ टेकून चालवायची सायकल आणि १९३४ चा नियम

दिव्यांग माणसाच्या कामाची सायकल अजूनही बहुधा वेल्डिंगच्या दुकानात किंवा घराच्या अंगणातच का घडते, याचा माग काढताना १९३४ साल टाळता येत नाही. आदल्या वर्षीच्या जुलैत पॅरिसला दुय्यम श्रेणीच्या एका स्पर्धकाने पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायच्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले. १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे पडला. या सायकलीच्या कारागिराने सुरुवात केली होती ती मुलासाठी बनवलेल्या चारचाकी पायडलगाडीपासून, कारण दुचाकीवर पोराला काही होईल अशी घरात धास्ती होती.

मग सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेत वाद पेटला, की हिला सायकल म्हणायचं का? काहींना ती पुढची पायरी वाटली, काहींना वाऱ्याचा रोध कमी करून मिळवलेला गैरफायदा. १९३४ मध्ये निकाल मोजपट्टीने लागला. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तो सांधा, जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटर उंच हवा, सीटचं टोक त्याच्या मागे १२ सेंटिमीटरपर्यंतच असावं. पाठ टेकून बसायचं तर सीट याहून बरीच मागे जाते, म्हणजे ती बैठक बादच झाली. शर्यतीपुरता नियम म्हणून तो समजून घेता येतो. पण कारखाने शर्यतीकडे बघून सायकली काढत होते, त्यामुळे ही बैठक बाजारातूनही दिसेनाशी झाली. ज्याला तोल सांभाळता येत नाही, कंबर धरत नाही किंवा पाय पायडलवरून निसटतो, त्याला नेमकी तीच हवी होती. माझ्या मते नियम ठरवताना या माणसांचा विचारच कुणी केला नाही.

खरं तर अशी माणसं आधीपासून स्वतःचं वाहन स्वतः करत आली होती. १६५५ मध्ये न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फला पायांनी अधू असलेल्या एका तरुण घड्याळजीने हाताने फिरवायची तीनचाकी बनवली. पहिल्या महायुद्धानंतर जखमी सैनिक हाताच्या तीनचाक्या चालवताना दिसू लागले.

आपल्याकडे पोलिओ झालेल्या कित्येकांनी शाळा-बाजार गाठला तो याच गाडीवर. सरकारी योजनेतून ती १९८१ पासून वाटली जाते, ‘साहाय्यक उपकरण’ म्हणून. गिअर बहुधा एकच, त्यामुळे चढ लागला की मागून कुणीतरी ढकलायला लागतं. ती सुधारायचं काम गावातल्या सायकलवाल्याचं. क्रँक, म्हणजे हाताने फिरवायचा दांडा, छातीसमोर असेल आणि पुढचं चाक त्याच्यासोबत वळत असेल, तर पायांच्या सायकलीसारखे आलटून-पालटून लावलेले क्रँक त्रास देतात. एक हात ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि चाक डावी-उजवीकडे नाचतं. क्रँक बसतो त्या एक्सलचं टोक चौकोनी असेल तर डावा क्रँक काढायचा, अर्ध्या फेऱ्याने फिरवून पुन्हा ठोकायचा. मग दोन्ही हात एकत्र जातात, चाक सरळ राहतं आणि खांद्यांबरोबर पाठीचा जोरही लागतो. शर्यतीच्या महागड्या हातसायकलींतही दोन्ही क्रँक असेच एका दिशेला असतात.

पॅरालिम्पिकमध्ये सायकल १९८४ ला आली, हातसायकल २००४ ला अथेन्समध्ये. २००७ मध्ये दिव्यांगांच्या शर्यती त्याच जागतिक संघटनेकडे गेल्या, जिने १९३४ ची मोजपट्टी घातली होती. आज तिच्याच नियमांनी एच-१ ते एच-४ या गटांतले स्पर्धक आडवे होऊन हातसायकल चालवतात. ज्यांना गुडघ्यांवर बसता येतं ते एच-५ मध्ये. पायांनी चालवायच्या तीनचाकीला मात्र ही मुभा नाही. तोल जाणाऱ्यांसाठीच्या टी-१ आणि टी-२ गटांत सीटवर सरळच बसावं लागतं. पाठ टेकून चालवायची तीनचाकी घरी बनवून त्यावर रोज सराव करणाऱ्याला शर्यतीसाठी दुसरी तीनचाकी शोधावी लागते.