लिनिअरमध्ये व्हॉल्व्ह सोपा, वीजपुरवठा अवघड

हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, ज्याला नुसतं 'लिनिअर' म्हणतात, तो ट्रान्समीटरचा सिग्नल वाढवणारा पॉवर अँप्लिफायर बांधायचा ठरला की पहिली चर्चा व्हॉल्व्हची (व्हॅक्यूम ट्यूबची) होते. खरं तर तो भाग सोपा आहे. ३-५००झेड हा काचेचा ट्रायोड घ्यावा. तो बनवणारी आयमॅक कंपनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली ती आयटेल आणि मॅककुलॉ या दोन हॅमनीच. या ट्रायोडची ग्रिड, म्हणजे मधली जाळी, सरळ चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडायची आणि सिग्नल फिलॅमेंटवर, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेवर, द्यायचा. प्लेटला, म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रोडला, ३००० व्होल्ट आणि ४०० मिलिअँपिअर दिले की १२०० वॅट आत जातात, त्यातले सुमारे ७०० अँटेनाकडे निघतात. अमेरिकेत १५०० वॅटपर्यंत मुभा आहे. भारतातली मर्यादा बरीच कमी, म्हणून सोल्डरिंग गन तापवण्याआधी परवाना वाचावा.

फिलॅमेंटला ५ व्होल्टवर साडेचौदा अँपिअर लागतात. वायर आणि फिलॅमेंट चोक (रेडिओ सिग्नल अडवणारी गुंडाळी) मिळून ०.०२ ओहम रोध असला, तरी जवळजवळ ०.३ व्होल्ट वाटेतच जातात. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर मोजून उपयोग नाही, सॉकेटच्या पिनांवर मोजावं. फिलॅमेंट चालू तर पंखाही चालूच हवा, प्लेटला व्होल्टेज नसलं तरी. बुडाकडचे काच-धातूचे सांधे २०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की निकामी होतात. प्लेट लालसर दिसली म्हणून मात्र घाबरू नये, ती तशी चालण्यासाठीच बनवलेली आहे.

खरी कसोटी हाय टेन्शनची (एचटी), म्हणजे प्लेटच्या ३००० व्होल्टच्या पुरवठ्याची. २२० मायक्रोफॅरडचे, ४५० व्होल्टचे आठ कॅपॅसिटर सिरीजमध्ये लावले की २७.५ मायक्रोफॅरड होतात. ३००० व्होल्टला त्यांत सुमारे १२४ जूल साठतात, म्हणजे जीव घ्यायला पुरेसे. प्रत्येक कॅपॅसिटरवर ५० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर हवाच. तो नसेल तर गळती कमी असलेल्या कॅपॅसिटरवर जास्त व्होल्टेज येतं, तो फुटतो आणि शेजारच्या कॅपॅसिटरनाही घेऊन जातो. वीज बंद केल्यावर हेच रेझिस्टर मिनिटभरात साठा संपवतात. पण एखादा तुटलेला असू शकतो. म्हणून आधी प्लग काढायचा, मग मीटर बघायचा आणि शेवटी चॅसिसला जोडलेल्या इन्सुलेटेड दांडीने एचटी शॉर्ट करायची. त्याआधी झाकण उघडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. एचटीच्या वाटेत २५ ओहमचा दणकट वायरवाउंड रेझिस्टर असावा. व्हॉल्व्हमध्ये ठिणगी उडाली तर तो करंट १२० अँपिअरवर रोखतो.

प्लेटच्या टोकाला ४७ ओहमचा कार्बन रेझिस्टर आणि त्याच्याभोवती तारेचे तीन वेढे लावावेत, नाहीतर व्हॉल्व्ह व्हीएचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या वर) स्वतःच दोलनं सुरू करतो. पाय-नेटवर्कचा, म्हणजे व्हॉल्व्ह अँटेनाशी जुळवणाऱ्या π आकाराच्या सर्किटचा, प्लेटकडचा कॅपॅसिटर ७ मेगाहर्ट्झला साधारण ६५ पिकोफॅरड लागतो, २८ ला जेमतेम १६. त्यातले पाचेक पिकोफॅरड व्हॉल्व्ह स्वतःच खातो. म्हणून कॅपॅसिटर निवडताना त्याची किमान क्षमता बघावी, कमाल नव्हे. आउटपुट सॉकेटपासून चॅसिसपर्यंत २.५ मिलिहेन्रीचा चोक विसरू नये. ब्लॉकिंग कॅपॅसिटर, म्हणजे एचटीला अँटेनापासून अडवणारा, शॉर्ट झाला तर हा चोक असल्यामुळे फ्यूज उडतो. नसला तर ३००० व्होल्ट अँटेनावर जातात.

एचटी पहिल्यांदा चालू करताना व्हॉल्व्ह काढून ठेवावा आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (घरच्या विजेकडच्या बाजूला) २०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. कॅपॅसिटर भरताना तो लख्ख पेटतो आणि मग मंदावतो. लख्खच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.