डायलिसिसच्या पाण्यातले जंतू: २०० वरून १०० वर यायला एवढी वर्षं का लागली

एका डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी लागतं, आठवड्याला तीन सेशन धरली तर ३६० लिटर, आणि पेशंटचं रक्त आणि ते पाणी यांच्यात असतो फक्त एक पातळ पडदा. जंतू त्यातून पलीकडे जात नाहीत म्हणून पाणी अगदी निर्जंतुक कशाला हवं, असं आधी धरून चालायचे. पण जंतूंच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, ते जातात, आणि चांगला बसलेला माणूस मशीनवरच हुडहुडी भरून कापायला लागतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत अशा ताप-थंडीच्या केसेस बघून १९८२ मध्ये मर्यादा ठरली, पाण्यात मिलीलिटरला २०० जंतू आणि तयार डायलिसेटमध्ये, म्हणजे त्या पाण्यात क्षार मिसळून केलेल्या द्रावणात, २०००.

आकडा तिथेच राहिला आणि उपचार मात्र बदलत गेला. डायलिसेटमध्ये ॲसिटेट जाऊन बायकार्ब (बायकार्बोनेट) आलं, आणि बायकार्बच्या कॅनमध्ये जंतू मस्त वाढतात. मग हाय-फ्लक्स डायलायझर, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या पडद्याचे रक्त गाळणारे फिल्टर, आले, त्यात डायलिसेट थोडं उलटं रक्तात शिरतं. डायलायझर धुऊन परत वापरणं तर होतंच, १९८२ मध्येच लुइझियानात एका सेंटरमध्ये २७ पेशंटना क्षयरोगाच्या जंतूच्या जातीतल्या, पाण्यात राहणाऱ्या जंतूचं इन्फेक्शन झालं. शिवाय क्लोरीन आणि क्लोरामाइन रक्तपेशी फोडतात म्हणून कार्बन टँकमध्ये काढावेच लागतात, आणि तिथून पुढे आरओ, टाकी, लूप (मशीनपर्यंत पाणी फिरवणारी पाइपलाइन) असं सगळीकडे पाण्याला जंतूंपासून वाचवणारं काही उरत नाही, पाइपच्या आत बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) धरते ती धरतेच.

युरोपने १०० ची मर्यादा धरली. आंतरराष्ट्रीय मानकात २००९ मध्ये मिलीलिटरला १०० जंतू आणि एंडोटॉक्सिन ०.२५ युनिट आलं, आणि अल्ट्राप्युअर (अतिशुद्ध) डायलिसेटसाठी तर जंतू ०.१ आणि एंडोटॉक्सिन ०.०३. अमेरिकेत सरकारी नियम २००८ ला नवे झाले तरी त्यात २०० च राहिले.

पण मला आकड्यापेक्षा मोजायच्या पद्धतीचा वाद जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जुनी पद्धत म्हणजे ट्रिप्टिक सोय अगार (जंतू वाढवायचं भरपूर पोषणाचं माध्यम), ३५ अंश, ४८ तास. आता आरओच्या पाण्यातले जंतू थंड पाण्यात, जवळजवळ उपाशी जगणारे, हळू वाढणारे, त्यांना एकदम भरपूर खाऊ आणि शरीराइतकी ऊब दिली तर त्यातले बरेच प्लेटवर उगवतच नाहीत. म्हणून आर-टू-ए किंवा टीजीईए असं कमी पोषणाचं माध्यम, १७ ते २३ अंश आणि ७ दिवस अशी पद्धत आली, त्यात तेच पाणी पुष्कळदा जास्त आकडा दाखवतं. म्हणजे मर्यादा १०० म्हणा नाहीतर २००, कुठल्या प्लेटवर मोजलं ते माहीत नसेल तर तुलनाच होत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की ७ दिवस फार उशीर होतो, आणि अमेरिकेतल्या एका तुलनेत टीजीईए आणि जुनी पद्धत यांत पास-नापासचा फरक फारसा निघाला नाही. मग आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत ४८ तासांची पद्धत परत चालेल असं झालं. सोय म्हणून ठीक आहे, पण आर-टू-ए वर जास्त वाढ दिसते हे मुळात कुणी खोडलेलं नाही, आणि मला तरी ही माघारच वाटते.

आपल्याकडे २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत मशीन्स जायला लागली, त्यामुळे पाण्याचा प्रश्नही तिथपर्यंत गेला. 'नो ग्रोथ' असा कल्चर रिपोर्ट आला तर माध्यम, तापमान, किती दिवस आणि सॅम्पल लूपच्या कुठल्या टोकाचं, एवढं तरी त्यावर लिहिलेलं असायला हवं. ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या माध्यमावर) लावलेला असेल तर तो धरूच नये. आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत पेशंटची दोन-तीन सेशन झालेली असतात, म्हणून लूप ठरलेल्या तारखेला निर्जंतुक करायचा, रिपोर्टची वाट बघायची नाही, आणि आकडा ५० ला पोचला की तेव्हाच हालचाल करायची, १०० होईपर्यंत थांबायचं नाही.