शिक्षा संपली, मग मत कधी? अमेरिकी उजव्यांमधला जुना वाद

६ नोव्हेंबर २०१८ रोजी फ्लोरिडाच्या मतदारांनी एकाच दिवशी दोन निर्णय दिले. रिपब्लिकन पक्षाचे रॉन डीसँटिस जेमतेम ३२ हजार मतांच्या फरकाने गव्हर्नर झाले. त्याच मतपत्रिकेवर राज्याच्या घटनेतली दुरुस्ती क्रमांक ४ होती. खून आणि लैंगिक गुन्हे वगळता इतर गंभीर गुन्ह्यांची शिक्षा पूर्ण केलेल्यांना मताधिकार आपोआप परत द्यावा, असं ती म्हणत होती. मंजुरीसाठी ६० टक्के मतं लागणार होती, पडली सुमारे ६४.५ टक्के. गव्हर्नरपदाच्या कुठल्याही उमेदवारापेक्षा दहा लाखांहून अधिक मतं या दुरुस्तीला मिळाली. म्हणजे डीसँटिसना निवडून देणाऱ्यांपैकीही कित्येकांनी तिला हो म्हटलं होतं.

आपल्याकडे ही भानगड पटकन कळत नाही, कारण आपला कायदा वेगळ्या जागी रेघ ओढतो. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम ६२(५) तुरुंगात असलेल्याला मतदान करू देत नाही, मग तो दोषी ठरलेला असो वा नुसता कच्चा कैदी. जून २०२२च्या राज्यसभा निवडणुकीत महाराष्ट्राच्या कोठडीतल्या दोन आमदारांना याच कलमामुळे मत देता आलं नाही. पण सुटून बाहेर आलेला माणूस भारतात मतदार असतो. अमेरिकेत याचा निर्णय प्रत्येक राज्य आपापला घेतं. मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदीसुद्धा मत देतात, तर काही राज्यांत सुटका होऊन वीस वर्षं उलटली तरी हक्क परत मिळेलच असं नाही.

या बंदीचं मूळ यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेत शोधावं लागतं. दोषींचा मताधिकार काढण्याची प्रथा त्याआधीही होती, पण १८९०मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना लिहिली तेव्हा तिची धार कुणाच्या मानेवर होती ते लपलं नाही. चोरी, जाळपोळ, खोट्या बतावणीने पैसे उकळणं, द्विभार्या अशा गुन्ह्यांसाठी मत जाणार होतं. खून आणि बलात्कार मात्र यादीत नव्हते. ते १९६८मध्ये आले. कृष्णवर्णीयांकडून जे गुन्हे होतात अशी समजूत होती तेच निवडले गेले, हे खुद्द मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६मध्ये लिहून ठेवलं आहे. अलाबामाची १९०१ची घटनासभा तर गोऱ्यांचं वर्चस्व कायद्याने बसवण्यासाठीच भरली होती आणि तिच्या अध्यक्षांनी ते उघड बोलून दाखवलं.

पुढे न्यायालयात जे घडलं ते एकरंगी नाही. १९७४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या प्रकरणात ही बंदी मुळात घटनाबाह्य नाही असं ठरवलं. आधार होता १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या दुसऱ्या कलमाचा. ‘बंडात सहभाग किंवा अन्य गुन्हा’ या कारणाने मताधिकार काढण्याला तिथे अपवाद म्हणून जागा आहे. निकाल लिहिला विल्यम रेनक्विस्ट यांनी, न्यायालयातल्या सर्वांत ठाम कॉन्झर्व्हेटिव्ह न्यायमूर्तींनी. अकरा वर्षांनी अलाबामाची तरतूद वंशद्वेषातून आली म्हणून एकमताने रद्द झाली, आणि तो निकालही रेनक्विस्ट यांचाच. आजचे बरेच उजवे याच जोडीवर उभे आहेत: वंशद्वेष सिद्ध झाला तर कायदा पाडा, नाहीतर राज्याला ठरवू द्या.

त्यांच्या तात्त्विक भूमिकेची सर्वांत नेटकी मांडणी १९६७मध्ये संघीय अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती हेन्री फ्रेंडली यांनी केली. तत्त्वज्ञ जॉन लॉकचा सामाजिक करार घेऊन त्यांनी म्हटलं की, आपल्याच प्रतिनिधींनी केलेले कायदे मोडणाऱ्याने त्या करारात पुढे भाग घेण्याचा हक्क सोडला असं मानता येतं. आणि गंभीर गुन्हेगारांनी कायदे करणारे, सरकारी वकील व न्यायाधीश निवडू नयेत, असं राज्याने ठरवणं वाजवी आहे. फेब्रुवारी २००२मध्ये शिक्षा संपलेल्यांना निदान राष्ट्रीय निवडणुकांत मत देऊ द्यावं, अशी एका विधेयकावरची दुरुस्ती सिनेटमध्ये आली, तेव्हा रिपब्लिकन सिनेटर मिच मॅककॉनेल यांनी हाच कराराचा धागा पकडून विरोध केला. दुरुस्ती ३१ विरुद्ध ६३ मतांनी पडली.

हा युक्तिवाद मला हलका वाटत नाही. मत देणं म्हणजे दुसऱ्यावर राज्य करण्यात वाटा उचलणं आहे, आणि त्यासाठी विश्वास लागतो, हे खरंच आहे. पण करार म्हटला की त्याची फेड कधी पूर्ण झाली हे सांगण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवरही येते. उजव्या गोटातलं भांडण याच मुद्द्यावर पेटत आलं आहे.

कारण त्याच गोटात दुसरी परंपराही आहे. चर्चमधून आलेला प्रायश्चित्ताचा आणि क्षमेचा विचार तिच्यात आहे, आणि सरकारने माणसावर कायमचा शिक्का मारू नये ही भावनाही. १९९७मध्ये टेक्सासमध्ये शिक्षेनंतरची दोन वर्षांची प्रतीक्षा रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी. व्हर्जिनियात २०१३मध्ये अहिंसक गुन्ह्यांसाठी अर्जाची अट काढली रिपब्लिकन बॉब मॅकडॉनल यांनी. त्याच राज्यात २०२३मध्ये आपोआप हक्क परत देण्याची पद्धत थांबवली तीही रिपब्लिकन ग्लेन यंगकिन यांनी. आयोवात टेरी ब्रॅनस्टॅड यांनी २०११मध्ये आधीच्या डेमोक्रॅट गव्हर्नरचा उदार हुकूम फिरवला. त्यांच्याच उपगव्हर्नर राहिलेल्या किम रेनॉल्ड्स यांनी ऑगस्ट २०२०मध्ये बहुतेकांना मताधिकार परत दिला, आणि दंड-भरपाई आधी फेडण्याची अट घातली नाही.

फ्लोरिडातही तसंच. २००७मध्ये तेव्हा रिपब्लिकन असलेल्या चार्ली क्रिस्ट यांनी वाट मोकळी केली आणि चार वर्षांत दीड लाखाहून अधिक लोकांना हक्क मिळाले. २०११मध्ये रिक स्कॉट यांनी पाच ते सात वर्षं थांबून गव्हर्नरच्या दयामंडळापुढे अर्ज करण्याची अट आणली आणि आकडा काही हजारांवर घसरला. दुरुस्ती ४च्या प्रचारात मोहिमेचे नेते डेस्मंड मीड यांच्या बरोबरीने उभे होते नील व्होल्झ: रिपब्लिकन खासदाराच्या कार्यालयाचे माजी प्रमुख, लॉबीइस्ट जॅक एब्रॅमॉफच्या लाचखोरी प्रकरणात दोषी ठरलेले. उजव्या राजकारणाला पैसा पुरवणाऱ्या कोक या उद्योगपती बंधूंच्या गटानेही पाठिंबा दिला.

दुरुस्ती मंजूर झाल्यावर जून २०१९मध्ये डीसँटिस यांनी सही केलेल्या कायद्याने ‘शिक्षा पूर्ण’ याचा अर्थ दंड, न्यायालयीन शुल्क आणि भरपाईची पै न् पै फेडणं असा ठरवला. दुरुस्तीच्या बाजूच्या वकिलाने २०१७मध्ये न्यायालयात तसंच सांगितलं होतं, हा रिपब्लिकनांचा मुद्दा बिनतोड होता. अडचण पुढे होती. कुणाकडे किती बाकी आहे याची एकत्र नोंद राज्याकडे नव्हती. संघीय जिल्हा न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी मे २०२०मध्ये याच कारणाने राज्याला फटकारलं. सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने ६ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवला. ऑगस्ट २०२२मध्ये खून किंवा लैंगिक गुन्ह्यांमुळे अपात्र असून मतदान केल्याबद्दल वीस जणांवर कारवाई झाली. त्यांतल्या अनेकांना मतदार कार्ड सरकारी कार्यालयानेच दिलं होतं. एकाला देणं फेडा म्हणायचं पण रक्कम सांगायची नाही, दुसऱ्याला कार्ड आपणच द्यायचं आणि मग बेड्या घालायच्या, हे कराराच्या कुठल्याही व्याख्येत बसत नाही.

एप्रिल २०२४मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या नेब्रास्का विधिमंडळाने शिक्षेनंतरची दोन वर्षांची प्रतीक्षा काढून टाकली. गव्हर्नर जिम पिलन यांनी सही न करताच कायदा होऊ दिला. राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, अॅटर्नी जनरल माइक हिल्गर्स यांनी मात्र तो घटनाबाह्य ठरवला, कारण त्यांच्या मते मताधिकार परत देणं हे माफी मंडळाचं काम होतं. निवडणुकांचं काम पाहणारे राज्याचे सचिव बॉब एव्हनेन यांनी नोंदणी थांबवली. सगळे एकाच पक्षाचे. १६ ऑक्टोबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी सुरू करण्याचा आदेश दिला, तेव्हा अध्यक्षीय निवडणुकीला तीन आठवडेही उरले नव्हते.