रग्बीतील मानेच्या व डोक्याच्या दुखापतींचा प्रतिबंध

रग्बी युनियन या खेळात मानेचे मणके मोडून वा निखळून मज्जारज्जूला इजा होऊ नये आणि मेंदूला बसलेला हादरा, म्हणजे कन्कशन, वेळीच ओळखला जावा, यासाठीचे नियम, प्रशिक्षण आणि मैदानावरील उपचारपद्धती. मज्जारज्जूच्या दुखापती संख्येने थोड्याच. पण एका क्षणात मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडू शकते.

मानेच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा प्रसंग स्क्रमचा. किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करताना दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांना घट्ट धरून, वाकून भिडतात. पुढच्या फळीत मध्ये हुकर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रॉप असतात. त्यांची डोकी समोरच्यांच्या डोक्यांमधल्या फटींत जायला हवीत. नेम चुकून डोके समोरच्याच्या खांद्यावर आदळले, किंवा स्क्रम कोसळून डोके जमिनीला टेकले आणि मागच्या पाच जणांचा रेटा चालूच राहिला, तर मान दुमडते. हुकरचे दोन्ही हात प्रॉपच्या खांद्यांवर गुंतलेले असल्याने पडताना त्याला हात टेकायलाही मिळत नाही.

पूर्वी दोन्ही फळ्या अंतर राखून एकमेकींवर झेप घेत. 2007 मध्ये वाकणे, स्पर्श करणे, थांबणे आणि मग भिडणे असा पंचांच्या हुकमांचा क्रम ठरला. 2013 पासून ‘क्राउच, बाइंड, सेट’ (वाका, पकडा, भिडा) हे हुकूम आले. आता भिडण्याआधीच प्रॉपने समोरच्याची जर्सी पकडायची असते. त्यामुळे झेपेचे अंतर घटले आणि बाथ विद्यापीठाच्या मोजमापांनुसार आघाताचा जोर सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला. 19 वर्षांखालील सामन्यांत स्क्रम 1.5 मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. पुढच्या फळीचे प्रशिक्षित खेळाडू नसतील, तर रेटारेटीशिवायच स्क्रम होतो. प्रेक्षकांना तो मिळमिळीत वाटतो, वाटू द्यावा.

न्यूझीलंडमध्ये 2001 साली रग्बी संघटना आणि सरकारी अपघात-भरपाई महामंडळ यांनी ‘रग्बीस्मार्ट’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रशिक्षक आणि पंचांना दरवर्षी प्रशिक्षण सक्तीचे होते. जुन्या प्रमाणानुसार 2001 ते 2005 या काळात स्क्रममधून मज्जारज्जूच्या 9 गंभीर दुखापती अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात एकच झाली. भरपाई ज्याला मोजावी लागते, त्यानेच शिकवण्यात पुढाकार घ्यावा, ही यातली शहाणपणाची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत 2009 पासून याच धर्तीवर ‘बोकस्मार्ट’ चालतो.

कन्कशन मात्र बहुतेक वेळा टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडताना होते आणि टॅकल करणाऱ्यालाच त्याचा धोका अधिक असतो. कबड्डीतल्या मांडीच्या पकडीप्रमाणे इथेही डोके कुठे ठेवायचे यावर सारे अवलंबून असते: बाजूने पकडताना ते पळणाऱ्याच्या मागच्या अंगाला हवे, त्याच्या गुडघ्यांपुढे नव्हे. खांद्याच्या रेषेच्या वर केलेला टॅकल नियमबाह्य आहेच. फ्रान्सने 2019 मध्ये हौशी सामन्यांसाठी ही मर्यादा कमरेपर्यंत आणली. महाराष्ट्रात बहुधा सात जणांची रग्बी खेळली जाते. तिच्यात स्क्रम तीन-तीन जणांचाच असल्याने मुलांना आधी शिकवायला हवा तो टॅकलच.

मऊ टोपीविषयी पालकांचा मोठा गैरसमज असतो. ती कान सोलवटण्यापासून आणि डोक्याला खोक पडण्यापासून वाचवते. कवटीच्या आत हलणाऱ्या मेंदूला तिचा आधार नाही. माउथगार्ड दात वाचवतो. त्याहून उपयोगी ठरतो तो मानेचा व्यायाम: इंग्लंडमधील शाळकरी खेळाडूंच्या एका चाचणीत, समतोल, ताकद आणि मानेच्या व्यायामांचा संच आठवड्यातून तीनदा करणाऱ्या संघांत कन्कशन 59 टक्क्यांनी कमी आढळले.

शाळा व क्लबच्या सामन्यांत नियम सरळ आहे: कन्कशनची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला, तर मेंदूला सूज येऊन मृत्यू ओढवू शकतो. किशोरांना हा धोका विशेष.

मानेला मार लागल्याचा संशय असेल, तर खेळाडूला ओढून उभे करू नये. डोके-मान एका रेषेत धरून ठेवावी. मग वेळ मोलाचा. केप टाउनमध्ये मणका निखळून पूर्ण लुळे पडलेल्या 32 रग्बीपटूंपैकी आठ जणांचा मणका चार तासांच्या आत जागेवर बसवला गेला. त्यांतले पाच पूर्ण बरे झाले. उरलेल्या 24 जणांपैकी एकही नाही.